विचारा की! : रिकाम्या टाकीतून मिनिटाला दहा लिटर

या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न एकाच गावचे असल्यासारखे आहेत, नॉनलिनिअर सिस्टिम (जिचा आलेख सरळ रेषेत जात नाही ती), समतोल बिंदू, लिनिअरायझेशन (एका बिंदूजवळ त्या वाकड्या आलेखाच्या जागी सरळ रेषा धरणं). परीक्षा जवळ आल्या की असं होतंय. त्यामुळं ग्रहण, इन्व्हर्टरची बॅटरी वगैरे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे, रोज खानापूरहून बेळगावला अप-डाऊन करते. कंट्रोल सिस्टिमच्या तासाला शिक्षकांनी लोलकाच्या समीकरणात ‘साइन थीटाच्या जागी थीटा (लोलकाचा कोन) घ्या’ असं सांगितलं आणि पुढं गेले. मी कॅलक्युलेटरवर साइन १० केलं तर ०.१७३६ आलं. दहा कुठं आणि पॉइंट एक सात कुठं! ही चक्क फसवाफसवी नाही का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : अगं, फसवाफसवी नाही, तुझा कॅलक्युलेटर डिग्रीत आहे. ही सगळी गंमत रेडियनमध्येच चालते. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, आणि त्याचा साइन ०.१७३६, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा. ३० अंशाला तोच फरक पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जातो, ६० ला एकवीस टक्के, आणि लोलक पार आडवा ९० अंशाला नेलास तर खरा साइन १ आणि तू घेतलेला थीटा १.५७, म्हणजे निम्म्याहून जास्त चूक. म्हणजे ‘साइन थीटा बरोबर थीटा’ हे वाक्य अर्धवट आहे, पुढचं ‘शून्याच्या जवळ असेपर्यंत’ हे घाईत खाल्लं जातंय, आणि खरं तर सगळा विषय त्या खाल्लेल्या शब्दांतच आहे.

आता हे नुसतं मानू नकोस, करून बघ. एक मीटर दोऱ्याला एक जड नट बांध आणि दाराच्या चौकटीला लटकव. थोडंसंच बाजूला नेऊन सोड आणि मोबाइलवर दहा झोके मोज, वीस सेकंदांच्या आसपास येतील. मग चांगलं ६० अंशापर्यंत ओढून सोड आणि परत दहा मोज. आता एकवीसच्या पुढं जाशील. सरळ रेषेचं गणित म्हणतंय की झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच, पण खरा लोलक मोठ्या झोक्याला जरा जास्त वेळ घेतोय. पंचमीच्या झोक्यावर बसलेल्या कुठल्याही पोरीला हे अंगानं माहीत असतंय, अगदी वर गेल्यावर झोका क्षणभर रेंगाळतो, पोटात गोळा येतो तो तिथंच.

आता रीत सांगतो, कारण पेपरात तीच लागणार. आधी समतोल बिंदू शोधायचा, म्हणजे जिथं काहीच बदलत नाही ती जागा, सगळे बदलाचे दर शून्य ठेवायचे आणि समीकरण सोडवायचं. लोलकाला असे दोन मिळतात, एक खाली लटकलेला आणि एक डोक्यावर उभा, दुसरा बहुतेक पोरं विसरतात. मग म्हणायचं की मी त्या बिंदूपासून एवढासाच, डेल्टाएवढा, सरकलोय, आणि ते समीकरणात घालून टेलरच्या पद्धतीनं उलगडायचं, म्हणजे डेल्टाच्या घातांची बेरीज म्हणून लिहायचं. डेल्टाचा पहिला घात ठेवायचा, वर्ग, घन वगैरे सोडून द्यायचे. डेल्टा ०.१ असेल तर वर्ग ०.०१ आणि घन ०.००१, बाजारात शंभर रुपयांची भाजी घेताना एक रुपया सोडतो तसंच ते, पण डेल्टा १ झाला की वर्गही १ आणि घनही १, मग काय सोडणार?

सिस्टिमला दोन-तीन चलं असली की प्रत्येक दराचा प्रत्येक चलाशी उतार काढून चौकटीत मांडायचा, तोच जेकोबियन. घर्षण धरलेल्या लोलकाला कोन आणि कोनाचा वेग ही दोन चलं. पहिली ओळ शून्य, एक. दुसरी ओळ उणे जी भागिले एल, उणे बी (जी गुरुत्वाकर्षणाचा, एल लांबी, बी घर्षणाचा आकडा). दोऱ्याऐवजी एक मीटरची ताठ दांडी आणि बी ०.५ धरला तर खालच्या बिंदूला आयगेनव्हॅल्यू (बिंदूपासूनचं अंतर वाढतं की घटतं ते सांगणारे जेकोबियनचे आकडे) येतात उणे ०.२५ अधिक-उणे ३.१२ आय. उणे ०.२५ हा रिअल भाग, तो घटणं सांगतो, ‘आय’चा काल्पनिक भाग डोलणं सांगतो, म्हणजे डोलत डोलत शांत होणार. डोक्यावरच्या बिंदूला फक्त त्या जी भागिले एलचं चिन्ह उलटतं आणि आयगेनव्हॅल्यू येतात अधिक २.८९ आणि उणे ३.३९. एक जरी अधिक असला तरी झालं, तो बिंदू टिकणारा नाही. एकाच लोलकाचं एकच समीकरण, पण बिंदू बदलला की जेकोबियन दुसरा, म्हणून वहीत जेकोबियन लिहिलास की शेजारी कुठल्या बिंदूचा ते लिही. पत्ता नसलेलं पाकीट पोस्टात टाकून काय उपयोग?

प्रश्न : आमच्या घरी मुलगा अभ्यास करताना मोठ्यानं वाचतो म्हणून मलाही चार शब्द कळतात. समतोल म्हणजे मशीन बंद, सगळं शून्य, असंच ना? तो नाही म्हणतो पण त्याला सांगता येत नाही.
— एक गृहिणी, चिक्कोडी

उत्तर : ताई, पोरगा बरोबर आहे, आणि त्याला सांगता येत नाही यात त्याची फार चूक नाही, पुस्तकात पहिलं उदाहरण कायम शून्याचंच असतंय. तुमच्या गच्चीवरची टाकी बघा. वरून नळ चालू आहे, खालून तेवढंच पाणी जातंय, टाकीतली पातळी हलत नाही. पाणी धावतंय, मोटर चालू आहे, बिल पडतंय, काहीच शून्य नाही, फक्त पातळीचा बदल शून्य आहे. समतोल तो एवढाच. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘समतोलन’ येतंय, शब्दही आपलाच वाटतो. त्यांना हेच टाकीचं उदाहरण द्या, भाषांतर लागणार नाही.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं छोटं युनिट आहे, हायड्रॉलिकची कामं करतो, शिवाय प्रोसेसच्या टाक्यांचे लेव्हल कंट्रोलर बसवून देतो. एका ठिकाणी पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलर सकाळी मस्त ट्यून केला, टाकी कमी भरलेली होती. दुपारी सेटपॉइंट, म्हणजे हवी ती पातळी, वर नेला तर लेव्हल वर-खाली वर-खाली करायला लागली. सेटिंगला कुणी हात लावला नाही म्हणतात. कंट्रोलर खराब की आम्ही?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोघंही नाही हो. मला हा प्रश्न फार जवळचा आहे कारण याच चुकीपायी मी एकदा रात्री अडीच वाजता अंथरुणातून उठून एका साखर कारखान्यात गेलोय, नाव सांगत नाही. संध्याकाळी टाकीतली रसाची पातळी कमी असताना ट्यूनिंग केलं, ग्राफ देवळाच्या पायरीसारखा सरळ आला, मी खुशीत चहा पिऊन घरी. रात्री फोन, ऑपरेटर म्हणतोय, ‘साहेब, व्हॉल्व्ह नाचूलाय.’ गेलो तर खरंच नाचत होता. मी आधी सेन्सरवर संशय घेतला, मग वायरिंगवर, मग त्या बिचाऱ्या ऑपरेटरवर. स्वतःवर सगळ्यात शेवटी.

कारण असं. खालच्या भोकातून बाहेर जाणारं पाणी उंचीच्या प्रमाणात जात नाही, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातं, टोरिचेल्लीनं सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. सोपी टाकी घेऊ, तळ एक चौरस मीटर, पाणी चार मीटर, बाहेर जातंय मिनिटाला २० लिटर. चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे नियम असा की लिटर बरोबर दहा गुणिले उंचीचं वर्गमूळ. आत २० येतंय, बाहेर २० जातंय, हा समतोल.

इथं रेषा काढली तर तिचा उतार येतो दर मीटरला अडीच लिटर. पाणी ४.४ मीटर झालं तर रेषा म्हणते २१ लिटर, खरं २०.९८. वा! आता तीच रेषा एक मीटरला नेऊन बघा, ती म्हणते साडेबारा, खरं १०, म्हणजे पंचवीस टक्के चूक. आणि अगदी तळाला, टाकी कोरडी ठणठणीत, तर रेषा म्हणते अजून मिनिटाला १० लिटर येतंय! अशी टाकी खरंच मिळाली असती तर राकसकोप धरणाचं पाणी आज येणार की उद्या म्हणून आमच्या गल्लीत कोणी वाट बघितली नसती.

म्हणजे एक मीटरला वेगळी रेषा काढायला हवी. तिथं उतार येतो दर मीटरला पाच लिटर, चार मीटरच्या दुप्पट. आता हा उतार करतो काय ते बघा. पातळी चुकून वर गेली की बाहेरचं पाणी आपोआप वाढतं आणि पातळी परत खाली ओढतं, म्हणजे टाकीला स्वतःचा ब्रेक आहे. एक मीटरला तो ब्रेक जोरात आहे, तिथं टाकीचा टाइम कॉन्स्टंट (पातळी सावरायला लागणाऱ्या वेळेचं माप) येतो २०० मिनिटं. चार मीटरला ब्रेक निम्मा आणि टाइम कॉन्स्टंट ४०० मिनिटं. तुम्ही, आणि त्या रात्री मी, कंट्रोलरचा प्रपोर्शनल (आत्ताच्या चुकीला उत्तर देणारा भाग) कमी आणि इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीला उत्तर देणारा) जास्त ठेवला आणि डोलणं थांबवायचं काम नकळत टाकीच्याच ब्रेकवर टाकलं. खाली ते निभलं, वर ब्रेक ढिला पडला आणि डोलायला लागलं. गंमत म्हणजे डोलण्याची मूळ चाल फारशी बदलत नाही, ती इंटिग्रल आणि टाकीच्या तळावर ठरते, बदलतं ते फक्त डॅम्पिंग, म्हणजे डोलणं विझवायची ताकद. म्हणून ग्राफ बघून वाटतं की सिस्टिम तीच आहे, नुसती चिडली आहे.

उपाय साधा आहे. सगळ्यात वरच्या पातळीला ट्यून करा, जिथं ब्रेक सगळ्यात ढिला. तिथं शांत राहिली तर खाली थोडी सुस्त वाटेल पण नाचणार नाही. प्रपोर्शनल वाढवून बघा, टाकीवर भरवसा कमी होईल. आणि पातळी खरंच फार वर-खाली होत असेल तर दोन-तीन पातळ्यांना वेगवेगळी सेटिंग ठेवून मध्ये बदलत जायचं, त्याला गेन शेड्युलिंग म्हणतात, आताच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये ती सोय असते. टाकी खाली निमुळती असेल, शंकूसारखी, तर हे जास्तच जपा, तिथं उंचीबरोबर पाण्याचं क्षेत्रफळही बदलतंय, म्हणजे दोन्हीकडून मार.

तुम्ही हायड्रॉलिकवाले म्हणून अजून एक. रिकाम्या टाकीला, म्हणजे अगदी शून्य उंचीला, रेषा काढायचा नादच करू नका, वर्गमुळाचा उतार तिथं अनंत होतो. तसंच सिलिंडर हळू चालवताना अडकत-अडकत पुढं जातो ना, ते कोरडं घर्षण. वेग शून्याच्या अलीकडं बल एका बाजूला, पलीकडं दुसऱ्या बाजूला, मध्ये सरळ उडी. उडीला उतार कुठला? अशा ठिकाणी जेकोबियन काढून आकडे छापले तरी ते आकडे मशीनचे नसतात. बॅकलॅश, म्हणजे दात्यांमध्ये मोकळी फट, असलेल्या गिअरचंही तेच.

प्रश्न : मी एमएस्सी गणित करतोय. आयगेनव्हॅल्यूचा रिअल भाग शून्य आला की पुस्तकात ‘चाचणी निष्फळ’ असं लिहून सोडून देतात. निष्फळ म्हणजे नक्की काय, सिस्टिम स्थिर की अस्थिर?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : निष्फळ म्हणजे रेषेनं हात वर केले, सिस्टिमनं नाही. दोन समीकरणं वहीच्या दोन पानांवर लिही. पहिल्यात एक्सचा दर बरोबर उणे एक्सचा घन, दुसऱ्यात अधिक एक्सचा घन. दोन्हींचा समतोल शून्य, दोन्हींचं लिनिअरायझेशन तेच ते, दर बरोबर शून्य. रेषेला दोन्ही जुळी भावंडं दिसतात. आता दोघांनाही ०.१ वरून सोड. पहिला निम्मा व्हायला १५० सेकंद घेतो, आळशीपणानं पण शून्याकडंच जातो. दुसरा ५० सेकंदांत अनंताला जातो! जे घन आपण एक रुपया म्हणून सोडले होते तेच इथं सगळा हिशोब ठरवतात, कारण पहिल्या घाताचं नाणंच खिशात नाही.

शून्य नसेल तेव्हा मात्र रेषेवर विश्वास ठेवायला भक्कम आधार आहे. रशियन गणिती ल्यापुनोव्हचा १८९२ सालचा खार्किवचा प्रबंध याच पायावर उभा आहे, सगळे रिअल भाग उणे असले तर खरी सिस्टिमसुद्धा त्या बिंदूजवळ स्थिर, एक जरी अधिक असला तर अस्थिर. पुढं ग्रोबमननं १९५९ ला आणि हार्टमननं १९६० ला वेगवेगळं दाखवलं की कुठलाच रिअल भाग शून्य नसेल तर बिंदूजवळचं खरं चित्र आणि रेषेचं चित्र रबरासारखं ताणून एकमेकांवर बसवता येतं. ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, ते मात्र हे प्रमेय सांगत नाही. तोंडी परीक्षेत हा उपप्रश्न येतो आणि पोरं गप्प बसतात, म्हणून सांगितलं.

आणि घर्षण नसलेला लोलक विसरू नकोस. खालच्या बिंदूला आयगेनव्हॅल्यू नुसत्या काल्पनिक, रिअल भाग शून्य, रेषा निष्फळ. तरी तो स्थिर आहे हे आपल्याला पक्कं माहीत, का? ऊर्जा वाढत नाही म्हणून. ल्यापुनोव्हची दुसरी पद्धत हीच, रेषा सोडून ऊर्जेसारखं एखादं फलन शोधायचं. वरच्या उणे घनालाही एक्सचा वर्ग घेऊन बघ, दोन ओळींत सुटतंय.

प्रश्न : सर, समतोल अस्थिर आहे हे एकदा कळलं की मग त्याचं लिनिअरायझेशन कशाला करायचं? गाडी तिथं थांबणारच नाही ना.
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : उलट तिथंच जास्त गरज आहे. चोर्ला घाटानं रात्री गोव्याला गेला असाल तर आठवा, वळणावर हेडलाइट सरळ समोरच्या झाडीत जातो आणि रस्ता भलतीकडं वळलेला असतो. हेडलाइट म्हणजे आपली रेषा. पण ड्रायव्हर काय करतो, थोडं पुढं, थोडं स्टिअरिंग, परत नवा उजेड, आणि त्या चार-सहा मीटरच्या उजेडावर अख्खा घाट उतरतो. फीडबॅक, म्हणजे काय झालं ते बघून पुढचं सुधारणं, असंच करतो. अस्थिर बिंदूजवळ रेषा काढायची, त्या रेषेवरून कंट्रोलर बनवायचा, आणि कंट्रोलर सिस्टिमला त्या बिंदूपासून लांब जाऊच देत नाही, त्यामुळं रेषा खरी राहते. गाडी एकदा फारच कलली, रेषेच्या हद्दीबाहेर गेली, की तोच कंट्रोलर काही कामाचा नाही, हेही तितकंच खरं.

घरी करून बघायचं असेल तर तळहातावर पेन्सिल उभी करा. जमणार नाही. साधारण अठरा सेंटिमीटरची पेन्सिल एकदा कलायला लागली की तिचा कल पाऊण-एक दशांश सेकंदात दुप्पट होतो, आणि आपले डोळे बघून हात हलेपर्यंत पाचवा हिस्सा सेकंद तरी जातो, तोवर ती खाली. आता दीड मीटरची काठी घ्या. तिला दुप्पट कलायला सव्वादोन दशांश सेकंद लागतात, म्हणजे हाताला जेमतेम वेळ मिळतो. जाळ्या काढायचा लांब झाडू तर त्याहून बरा, वर वजन असल्यामुळं अजून सावकाश पडतो. नजर हातावर ठेवू नका, वरच्या टोकावर ठेवा, कल तिथंच आधी दिसतो. आणि पंखा बंद करून करा, मागच्या दिवाळीला आमच्या घरी झाडू पंख्याला लागला आणि पाती वाकडी झाली, अजून तो पंखा चालू केला की टक-टक करतो.